जायफळ

अठरा शिगमे मी कमरेला घोडा बांधला.
लाकडी मान, बांबूचा सांगाडा, लाल झूल,
डिचोलीच्या देवळापासून गावच्या सीमेपर्यंत
ढोल-ताशावर नाचवत नेला.
तो कधी बुजला नाही.
शिगमा सरला की माळ्यावर, वर्षभर उभा,
खाणं नाही, पाणी नाही,
कुरकुर फक्त वाळवीची.

म्हणून वाटलं, घोडा मला कळतो.

मांद्र्याच्या वाळूवर भाड्यानं फिरणारी ती
जुन्या स्कूटरच्या किमतीत मिळाली.
सुक्या जायफळाचा रंग,
पाठीवर खोगिराचा ओला घाव.
आणली त्याच सांजेला मी मागून गेलो
आणि पुठ्ठ्यावर थाप मारली,
लाकडाला मारायचो तशी.

मांडी आधी निळी, मग काळी, मग पिवळी झाली.
पिवळी होईस्तोवर कायतान आला,
पुण्याच्या तबेल्यात तीस वर्षं काढलेला,
एका कानानं बहिरा.
"आधी बोल," म्हणाला, "मग जा. डाव्या खांद्याकडनं."
काय बोलू?
"काय पण. बांगड्याचा भाव सांग."

तर मी सांगू लागलो.
आज शंभराला सहा. आज पाच. आज बोटीच गेल्या नाहीत.
तिचा एक कान माझ्याकडे वळायचा,
दुसरा अजून मांद्र्याकडेच.

दोर हाताला गुंडाळायचा नाही.
"ती उडाली तर बोटं तिच्याबरोबर जातील, बाब,
तू मागनं चालत ये."
गाठ अशी मारायची की एका ओढीत सुटेल.
खूर उचलायचा तर आधी खांद्यावर हात,
तो हात पायावरून खाली, न उचलता,
मग टाचेकडून खुराच्या टोकाकडे खरवडत जायचं,
फटीत अडकलेला चिऱ्याचा खडा
निघतो तेव्हा तीच सुस्कारा टाकते.
माझ्या धाकट्या ऊर्वीला हे माझ्याआधी जमलं.
तिनं लाकडाचा घोडा नाचवलाच नव्हता,
विसरायचं काही नव्हतं तिला.

सात महिने पाठीवर कुणी बसलं नाही.
शेजारी विचारायचे, घोडी आणलीस की जावई?
नालबंद बेळगावाहून येतो, दर सहा आठवड्यांनी,
बसचं भाडं, जेवण आणि वर पैसे.
स्कूटर परवडली असती. स्कूटरला
रात्री दोनला पोटशूळ उठत नाही.
डॉक्टरची गाडी येईस्तोवर
अंगणात कंदील घेऊन मी तिला चालवत होतो,
घड्याळाकडे बघत, तिच्या पोटाला कान लावत,
आत काही गुरगुरलं की
बायकोला हाक मारून सांगत होतो, वाजलं, वाजलं!
चूक माझीच. पाहुण्यांची पोरं
तिला पाव भरवत होती, मी कौतुकानं हसत होतो.

नरकासुराच्या रात्री
सगळा गाव चौकात, मी गोठ्यात.
फटाका फुटला की तिच्या कातडीवरून
वाऱ्यासारखं काही धावायचं.
भिंत आणि तिच्यामध्ये मी उभा राहिलो नाही.
कायताननं हेही शिकवलं होतं.
दाराशी बसून नुसता भाव सांगत राहिलो,
इसवण, तारली, सुंगटं,
बाजारात नसलेले मासेसुद्धा.

यंदा शिगम्याला मंडळाचा सगुण आला.
खरी घोडी असताना लाकडाची कशाला?
तिला सजवू, पुढे चालवू, फोटो येतील.
मी म्हटलं, नको.
म्हणाला, घाबरतोस?
म्हटलं, हो.
ती पण. दोघांपैकी एकानं तरी कबूल केलं पाहिजे.

माळ्यावरून जुना घोडा काढला, वाळवी झटकली,
कमरेला बांधला आणि नाचलो.
पण पाय पूर्वीसारखे पडले नाहीत.
सीमेवर सगळे आपापले घोडे थोपटत होते,
माझा हात आधी त्याच्या डाव्या खांद्यावर गेला.

घरी यायला पहाट झाली.
घुंगरं फाटकापाशीच सोडली,
खिशात रुमालात गुंडाळली.
अंधारात गोठ्याच्या दारात उभा राहिलो
आणि आत जायच्या आधी
म्हणालो,
शंभराला सात.